टिटवी सिस्टरची वाया जाणारी पावलं

एका जंगलात एक दवाखाना होता. होता म्हणजे अजूनही आहे. पण गोष्टीत 'होता' म्हणायचं असतं, म्हणजे कुणी चौकशीला येत नाही.

नाकं पुसा आणि नीट बसा. मधे प्रश्न विचारायचे नाहीत.

तर अंजनाच्या झाडाखाली एक लांबडा वॉर्ड. त्यात ओळीनं नऊ खाटा. ह्या टोकाला दार, दाराशी सिस्टरचं टेबल. त्या टोकाला खिडकी, आणि खिडकीत पाण्याचा रांजण. मधे नऊ आजारी. संपला दवाखाना.

डॉक्टर होता घुबड. दिवसा झोपायचा आणि रात्री येऊन औषधं लिहून जायचा. त्याचं अक्षर त्याचं त्यालाही लागायचं नाही. मग दवाखाना चालवायचं कोण? टिटवी सिस्टर.

नाव तिचं गोजरा. काटकुळे पिवळे पाय, गळ्याखाली काळा पट्टा, डोळे सदा टकटकीत. दिवसभर तुरुतुरु चालायची. कारण दवाखान्यात काहीही करायचं म्हटलं की पाणी लागतं. गोळी द्यायची, पाणी. जखम धुवायची, पाणी. कपाळावर घडी ठेवायची, पाणी. खाटेखालचं भांडं धुवायचं, त्याला तर दोनदा पाणी. आणि पाणी कुठं? त्या टोकाला. मग टिटवी तांब्या घेऊन निघायची. दिवसातून पन्नास वेळा. जाताना नऊ खाटा, येताना नऊ खाटा.

आणि जाता जाता तिचं तोंड सुरू.

"अस्वलभाऊ, उशी का चिकट लागतीय?"

"घाम आलाय सिस्टर."

"घामाला मुंग्या लागत नाहीत. साखरेचा आजार घेऊन आलाय तुम्ही इथं. काढा ते मधाचं पोळं बाहेर."

पुढच्या खाटेवर कोल्हा. पाय मोडलेला, प्लास्टरमधला.

"कोल्हेबुवा, प्लास्टर कुरतडू नका."

"खाज सुटलीय हो!"

"सुटू दे. आत हाड जुळतंय. तुमच्यासारखं रिकामटेकडं नाही ते."

असं करत करत ती शेवटच्या, नवव्या खाटेशी पोचायची. तिथं होती सशीण. तानूबाई. पाच पिल्लं झाली आणि बाळंतपणाचा ताप अंगात शिरला. पिल्लं घरी, शेजारणीच्या भरवशावर. ही इथं. आणि ह्या सशिणीचा स्वभाव असा की काहीही विचारा, एकच उत्तर.

"ताप उतरला का?"

"बरं हाय."

"जेवलात का?"

"बरं हाय."

मरत असती तरी म्हणाली असती, बरं हाय. सिस्टरला तरास नको.

म्हणून टिटवी तिला काही विचारायचीच नाही. ती तिचे कान बघायची. कान उभे असले की पुढं जायचं. कान कलले की कपाळाला पंख लावून बघायचं. कान पडले, तर घुबडाला झोपेतनं ओढून आणायचं. पाच पोरांची आई ह्या खाटेवरून पायांनी चालत घरी गेली पाहिजे, एवढं टिटवीनं मनाशी धरलं होतं. बाकी काही धरलं नव्हतं.

हे सगळं ती कुणाला सांगायची नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे, हेच तिच्या डोक्यात आलं नव्हतं. कुणी विचारलं काय करतेस, तर म्हणायची, "पाणी आणते."

आता बघा कसं वाटोळं होतं ते.

दवाखान्याचे अधीक्षक होते गवासाहेब. अंगानं दांडगे, मनानं भित्रे. ते एकदा मोठ्या तळ्यावर परिषदेला गेले. तीन दिवस ऐकलं, तीन दिवस खाल्लं. येताना सगळ्यांना एक एक कापडी पिशवी फुकट मिळाली. पिशवीबरोबर एक बगळा आला. तो फुकट नव्हता.

बगळेसर. पांढरेशुभ्र. मान लांब, बोलणं त्याहून लांब. दवाखाने सुधारण्यात त्यांचा हातखंडा. आजवर अकरा जंगलांतले दवाखाने त्यांनी सुधारले होते. त्यातले किती उरले ते कुणी विचारलं नाही.

बरोबर कारकून म्हणून एक म्हातारा बेडूक. सर बोलतील ते बेडूक लिहून घ्यायचा. कधी 'नाही' म्हणायचा नाही. बगळ्याच्या हाताखालच्या बेडकाची नोकरी गेली तर नुसती नोकरी जात नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

बगळेसर वॉर्डात आले आणि मधोमध एका पायावर उभे राहिले.

"मी एका जागी उभा राहतो," ते म्हणाले, "आणि दिवसाला चाळीस मासे काढतो. ह्या सिस्टर दिवसभर चालतात. ह्यांचे मासे किती?"

"मासे?" टिटवी म्हणाली. "एकही नाही सर."

"लिही," सर बेडकाला म्हणाले. "चालणं भरपूर. मासे शून्य."

गवासाहेबांनी कपाळावर खूर मारून घेतला. इतकी वर्षं हे आपल्या लक्षात कसं आलं नाही!

मग पावलं मोजायची ठरली. मोजायची कशी? बगळेसरांनी पिशवीतनं चाळ काढले. हो, घुंगरांचे चाळ. टिटवीच्या दोन्ही पायांत बांधले. ती चालणार, चाळ वाजणार, बेडूक कोपऱ्यात बसून मोजणार. शास्त्र म्हणतात ह्याला.

टिटवीनं तांब्या उचलला आणि पहिलं पाऊल टाकलं.

छुम्.

सगळा वॉर्ड उठून बसला.

छुम् छुम् छुम् छुम्.

कोल्ह्यानं शिट्टी मारली. अस्वलानं उशीचा अभ्रा काढून फेट्यासारखा बांधला. कोल्ह्यानं खाटेखालचं भांडं उपडं घातलं आणि ढोलकी धरली. भांडं रिकामं होतं का, ते विचारू नका. सांगितलं ना, मधे प्रश्न नकोत.

"वन्स मोअर!" अस्वल ओरडलं.

"मुडद्यांनो, इंजेक्शनाची वेळ झालीय!" टिटवी ओरडली. पण ती जितकी चिडून पळायची तितके चाळ ठेक्यात वाजायचे. आणि ती इंजेक्शन घेऊन आली तेव्हा कोल्ह्यानं टोचायच्या जागेवर दौलतजादा म्हणून एक वाळकं पान ठेवलं.

दिवस मावळला तेव्हा बेडकाचा आकडा तयार झाला. नऊ हजार चारशे बारा.

"ह्यातली पाण्यासाठी आठ हजार," बगळेसर म्हणाले. "वाया."

"वाया कशी?" टिटवी म्हणाली. "त्यातनं पाणी येतं की."

"पाणीच तुमच्याजवळ आणलं तर?"

टिटवीनं रांजणाकडं बघितलं, मग टेबलाकडं बघितलं. शहाण्या माणसाच्या बोलण्याची हीच खोड असते. ऐकताना खरं वाटतं. त्यातनं दिवसभर नाचून तिचे गुडघेही सुजले होते. आयुष्यात पहिल्यांदा कुणी तिच्या गुडघ्यांचा विचार करत होतं. खोटं कशाला बोलू, तिला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी 'पाऊलबचत अभियान' सुरू झालं.

रांजण खिडकीतनं हलला आणि टेबलाला खेटून बसला. टेबल, खुर्ची आणि रांजण ह्यांच्याभोवती चुन्यानं एक रिंगण आखलं. सिस्टरनं रिंगणात बसायचं. प्रत्येक खाटेला एक घंटा टांगली. आजाऱ्याला काही हवं असलं की त्यानं घंटा वाजवायची, मग सिस्टरनं रिंगण ओलांडायचं. घंटा वाजली नसताना ओलांडलं, तर ते वाया पाऊल. वाया पावलाला फळ्यावर लाल पान. वाचलेल्या पावलांना हिरवं पान. सगळी पानं हिरवी राहिली तर जंगलाला 'सुवर्णपाऊल' पुरस्कार मिळणार होता. गवासाहेबांनी तो ठेवायला भिंतीत खिळासुद्धा ठोकला.

आणि रोज सकाळी उभी सभा. बसलं की सभा लांबते, असं बगळेसरांचं म्हणणं. म्हणून सगळ्यांनी उभं राहायचं. तेही एका पायावर, म्हणजे आणखी लवकर आटपतं.

दवाखान्याची मेट्रन होती भागूबाई म्हैस. तीस वर्षांची नोकरी आणि दहा मण वजन. पहिल्या सभेत तिनं एक पाय उचलला. मग दुसरा आपोआप उचलला गेला. मग तिसरा. ती पडली ती थेट गवासाहेबांवर, आणि गवासाहेब पडले ते थर्मामीटरच्या तबकात.

त्या दिवशी सभा खरंच लवकर आटपली. बगळेसरांनी हिरवं पान लावलं.

आता टिटवीची पावलं वाचू लागली. पहिल्या दिवशी सात हजार वाचली.

"वाचलेला वेळ आजाऱ्यांसाठी!" बगळेसर म्हणाले. "पण तो खरंच वाचला, हे दिसायला नको का? हा घ्या तक्ता. दर तासाला भरायचा. किती पावलं वाचली, का वाचली, वाचल्यावर कसं वाटलं."

"सर, हा भरायला वेळ कुठला घेऊ?"

"वाचलेला!"

टिटवी रिंगणात बसली आणि लिहू लागली. लिहून लिहून तिची मान वाकडी झाली. पाय मात्र टेबलाखाली आपोआप हलायचे. तुरुतुरु, तुरुतुरु, जागच्या जागी. झोपेत कुत्र्याचे हलतात ना, तसे.

घंटांचं काय झालं ते ऐका.

अस्वलानं पहिल्या तासात चाळीस वेळा वाजवली. काय हवंय म्हणून टिटवी धावत गेली, तर म्हणालं, "काही नाही. आवाज छान आहे." कोल्हा वाजवायचा आणि झोपेचं सोंग घ्यायचा. मधल्या खाटांवरची दोन माकडं घंटेवर आरत्या म्हणायची. टिटवी सारखी आत-बाहेर. पण ही घंटेची पावलं, म्हणून ती वाया नव्हेत. फळा हिरवागार.

आणि नववी घंटा?

जंगलातल्या साध्या जिवाला घंटा म्हणजे काय ठाऊक? देवळातली. गेलं की एकदा वाजवायची, हात जोडायचे, आणि गपचूप बाजूला व्हायचं. देवाला पुन्हा पुन्हा उठवत नाहीत. तर ज्या दिवशी घंटा बांधली त्या दिवशी सशिणीनं ती एकदा वाजवली. टिटवी धावत आली, तर सशिणीनं दोन्ही पंजे जोडून नमस्कार केला. झालं. मग ती पुन्हा घंटेला शिवली नाही.

लांबून तिला सिस्टर दिसायची. मान घालून लिहिणारी. सशीण मनात म्हणायची, किती काम आहे बिचारीला. आपलं काय, बरं हाय.

टिटवीला टेबलावरून तिसऱ्या खाटेपर्यंत दिसायचं. पुढं अस्वलाचं पोट आड यायचं.

त्यानंतर तीन दिवस असे गेले. चौथ्या दिवशी दुपारी बगळेसर गवासाहेबांना फळा दाखवायला घेऊन आले. मागनं बेडूक.

"बघा साहेब. अस्वल, दोनशे घंटा. कोल्हा, दीडशे. ह्यांना अजून सुधारायला हवं. पण ही नऊ नंबरची खाट बघा! तीन दिवसांत घंटा किती? शून्य. तक्रार शून्य. दवाखान्यातला सगळ्यात समाधानी आजारी!"

आणि त्यांनी नऊ नंबरवर सगळ्यात मोठं हिरवं पान लावलं. वडाचं.

गवासाहेबांनी टाळी वाजवली.

टिटवीची मान वर आली. "काय म्हणालात सर? नऊ नंबर वाजलीच नाही?"

"तीन दिवस नाही."

टिटवीच्या चोचीतली लेखणी पडली. तक्ता पडला. चुन्याचं रिंगण ओलांडताना ती इतक्या जोरात निघाली की रिंगणाचा अर्धा चुना बगळेसरांच्या तोंडावर उडाला. ते मुळात पांढरे, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

छुम् छुम् छुम् छुम् छुम्!

अस्वलानं सवयीनं "वन्स" म्हटलं. पण टिटवीचं तोंड बघून "मोअर" गिळलं.

नवव्या खाटेवर सशीण पडली होती. कान दोन्हीकडं पडलेले, ओल्या फडक्यासारखे. अंग तव्यासारखं. ओठ सुकून चिकटलेले. उशाशी घंटा बांधली त्या दिवशीची गोळी तशीच, कारण गिळायला पाणी नव्हतं. पाणी दाराशी गेलं होतं.

"तानूबाई! अहो तानूबाई!"

सशिणीनं एक डोळा किलकिला केला.

"घंटा का नाही वाजवलीत?"

"वाजवली की," सशीण पुटपुटली. "बांधली त्या दिवशीच."

"मग नंतर?"

"सारखी सारखी कशी वाजवायची, सिस्टर? बरं दिसतं का ते?"

टिटवी ओरडली. "भागूबाई! डॉक्टरांना उठवा! उठले नाहीत तर शिंगावर घेऊन या!"

म्हशीनं घुबडाला खरंच शिंगावर आणलं. घुबडाला दिवसा दिसत नाही, म्हणून त्यानं आधी अस्वलाची नाडी धरली. मग त्याला फिरवून सशिणीकडं केलं. सलाईन लावलं. टिटवी पाणी आणायला पळाली, ह्या टोकाला. घडी ठेवायला पळाली, त्या टोकाला. पुन्हा ह्या, पुन्हा त्या. सूर्य झाडाआड जाईपर्यंत ती पळत होती. कुणी शिट्टी मारली नाही. कोल्ह्यानं आपली घंटा दातांत धरून ठेवली, चुकूनसुद्धा वाजू नये म्हणून.

दिवेलागणीला सशिणीचा एक कान हलला. मग अर्धा उभा राहिला.

टिटवी मटकन खाली बसली.

कोपऱ्यात बेडकानं आकडा लिहिला. घंटेशिवायची पावलं, दोन हजार तीनशे. मग त्यानं फळ्यावर लाल पान लावलं. सरांकडं न बघता, पण लावलं.

दुसऱ्या दिवशी चौकशी बसली. उभीच, एका पायावर. मेट्रनला तेवढी चारही पायांची सवलत मिळाली, साहेबांच्या जिवासाठी.

"घंटा वाजली नसताना तुम्ही गेलात," बगळेसर म्हणाले. "का?"

"वाजली नाही म्हणूनच गेले," टिटवी म्हणाली.

बगळेसरांची मान वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. हे त्यांच्या शास्त्रात बसेना.

"लिही," ते बेडकाला म्हणाले. "उपाय. प्रत्येक आजाऱ्यानं दर तासाला दुसरी घंटा वाजवावी. आपल्याला पहिली घंटा वाजवायची नाही, हे कळवायला."

"अहो, पण घंटेचं काय घेऊन बसलात!" टिटवीचा तोल सुटला. "तुम्ही म्हणता ती पावलं वाया. अहो, त्या पावलांत तर मी..."

आणि इथं म्हशीनं तिच्या पायावर पाय ठेवला.

म्हशीनं टिटवीच्या पायावर पाय ठेवला म्हणजे काय झालं असेल, त्याचा जरा विचार करा. टिटवीचे डोळे पांढरे झाले. वाक्य तिथंच राहिलं.

"सिस्टरला चक्कर आली," म्हैस म्हणाली आणि तिला पंखाला धरून बाहेर घेऊन गेली.

"पाय मोडलात ना माझा!"

"पाय बरा होईल. तू काय सांगायला निघाली होतीस गोजरे?"

"खरं तेच! की पाण्याला जाताना मी आजाऱ्यांना बघते म्हणून."

"बघतेस म्हणून सांगणार? बगळ्याला?" म्हैस हळूच म्हणाली. "अगं बाई, आज पाय मोजले. उद्या डोळे मोजायला घेईल. पापण्यांना घुंगरं बांधील. एका आजाऱ्याला किती पापण्या, त्याचा तक्ता करील. मग बस बघत."

पापणीला घुंगरू बांधलेलं टिटवीला डोळ्यापुढं दिसलं.

"मग काय करू? मी चालले नाही तर ती सशीण मरेल. काल वाचली. उद्या?"

"भांडू नकोस. त्यांच्यावर उपकार कर. ती पेटी दिसतेय?"

दारावर एक पेटी लटकत होती. सूचनापेटी. सिस्टर लोकांनी त्यात सुधारणेच्या कल्पना टाकायच्या होत्या. पुरस्काराच्या अटींत हीही एक होती, सिस्टरकडून आलेली निदान एक कल्पना. आणि पेटीत आजवर अस्वलानं टाकलेलं पोळं सोडून काही निघालं नव्हतं.

टिटवीनं एक कागद घेतला आणि लिहिलं: 'रांजण खिडकीत ठेवावा. तिथं वारा लागून पाणी गार राहतं.'

बगळेसरांनी कागद वाचला. एकदा, दोनदा. मग त्यांनी दुसरा पाय जमिनीवर टेकला. असं आजवर घडलं नव्हतं.

"गार पाणी! साहेब, ह्या दवाखान्यात आजपर्यंत गार पाण्याचे घोट किती मोजले गेले?"

"एकही नाही," गवासाहेब घाबरून म्हणाले.

"शून्य! आणि रांजण खिडकीत गेला तर दिवसाला चारशे! शून्यावरून चारशे! ह्याला म्हणतात सुधारणा!"

"पण सर, पावलांचं काय? ती पुन्हा वाढतील की."

"पावलं?" बगळेसर हसले. "साहेब, पावलं मागच्या आठवड्यात होती."

लगेच चाळ सुटले. रिंगण पुसलं. घंटा उतरल्या. लाल पान जिथं होतं तिथं निळं पान लागलं, गार घोटाचं. दोन दिवसांत 'गारघोट अभियान' उभं राहिलं. रांजण खिडकीत परत गेला, पण आता झेंडूची माळ घालून. आणि टिटवी तांब्या घेऊन निघाली. पहिली खाट, दुसरी खाट, तिसरी खाट.

"अस्वलभाऊ, पोट आत घ्या. पलीकडचं दिसत नाही."

सशिणीचे कान दोन दिवस कलते राहिले. तिसऱ्या दिवशी एक ताठ झाला. सहाव्या दिवशी दुसरा. आठव्या दिवशी ती खाटेवरून आपल्या पायांनी उतरली.

त्याच दिवशी रांजणाचं रीतसर उद्घाटन होतं. गवासाहेबांनी वेल कापायची म्हणून दातांनी तोडली आणि सवयीनं खाल्ली. सगळं जंगल जमलं होतं. बगळेसरांचं भाषण झालं. त्यांना दुसऱ्या दिवशी पुढच्या जंगलात जायचं होतं, तिथल्या सिस्टर फारच उडत होत्या म्हणे.

"आता," बगळेसर म्हणाले, "गार पाण्यानं बऱ्या झालेल्या ह्या ताई दोन शब्द बोलतील."

टिटवी निवांत होती. तानूबाई काय बोलणार? दोन शब्द तर तिला पाठच होते.

सशीण पुढं आली. पिल्लांकडं जायचं म्हणून तिला आनंदानं उभं राहवत नव्हतं. तिनं जमलेल्या जंगलाकडं बघितलं. आणि उभ्या जन्मात केलं नव्हतं ते केलं. खरं बोलायला लागली.

"साहेब, गार पाण्यानं न्हवं," ती म्हणाली. "मी वाचले ती सिस्टरमुळं."

टिटवी गर्दीतनं हळूच पुढं सरकली.

"पाण्याचं नुसतं निमित्त असतंय. जाता-येता त्या आमच्याकडं बघत्यात. मी काही बोलत न्हाई, तर त्या माझे कान बघत्यात. कान उभे हायत का पडल्यात..."

बगळेसरांची मान सरकन तिच्याकडं वळली. डोळे चमकले. पाण्यात मासा दिसावा तसे.

"कान? कोण बघतं? दिवसातून किती वेळा? एका कानाला किती वेळ? आधी डावा की उजवा? बेडूक, कोरा कागद!"

बेडकानं कागद काढला. गवासाहेबांनी भिंतीत दुसरा खिळा कुठं मारता येईल ते बघितलं. मेट्रन म्हैस पाय ठेवायला सशिणीकडं निघाली, पण मधे अर्धं जंगल होतं.

"सांगा ताई, सांगा!" बगळेसर म्हणाले. "सविस्तर!"

सशिणीनं सांगायला तोंड उघडलं.

"टिटीव! टिटीव! टिव टिव टिटीव!"

टिटवी हवेत उडाली होती. "साप! साप! मोठा साप! रांजणामागं!"

पोरांनो, टिटवीनं हाक दिली की जंगलात कुणी खात्री करत बसत नाही. गवासाहेब खिडकीतनं गेले. खिडकी लहान होती, ती बरोबर घेऊन गेले. माकडं छपरावर. अस्वल उशीसकट झाडावर. घुबड उठलं, समोरच्या खांबावर आपटलं आणि पुन्हा झोपलं. प्लास्टरमधला कोल्हा तीन आठवडे हलत नव्हता, तो सगळ्यांच्या पुढं होता. त्याला त्याच धावेवर घरी सोडण्यात आलं. बेडकानं कागद टाकला, लेखणी टाकली, नोकरी टाकली आणि डबक्यात सूर मारला. आणि बगळेसर? बगळेसरांनी पंख उघडले, दोन्ही पाय पोटाशी घेतले आणि जे उडाले ते मागं वळून बघितलं नाही.

धूळ खाली बसली. वॉर्डात फक्त सशीण उरली होती. भीतीनं लटपटत, पण कान ताठ.

"सिस्टर, साप कुठाय?"

टिटवीनं आभाळाकडं बघितलं. लांब एक पांढरा ठिपका बारीक बारीक होत होता.

"गेला," ती म्हणाली.

"मी नीट बोलले का हो?"

"फार छान बोललात, तानूबाई." टिटवीनं तिचं गाठोडं उचलून तिच्या पाठीवर ठेवलं. "आता पुन्हा कधी बोलू नका. चला, पोरं भुकेली असतील."

सशीण दाराबाहेर पडली आणि उड्या मारत सुटली. टिटवी ती दिसेनाशी होईपर्यंत बघत उभी राहिली. किती वेळ, ते कुणी मोजलं नाही.

*

तात्पर्य: चांगलं काम नेहमी चोरून करावं. उघडपणे केलं की त्याची सुधारणा होते.